पेनु, हेनु आणि चाई

धान्याचा कोंडा आणि डोक्यातला कोंडा, मराठीत शब्द एकच. कानडीतही तसेच, गिरणीतला 'होट्टु' तोच केसांतला. लॅटिनमध्ये कोंड्याला 'फर्फर' म्हणत, आणि डोक्यातल्या कोंड्याशी संबंध असलेल्या 'मॅलासेझिया फर्फर' या बुरशीच्या नावात तो शब्द अजून टिकून आहे. अशा नावांनी कुणाचे बिघडत नाही. काही नावे मात्र माणसालाच नावे ठेवतात.

माझी मावसबहीण मूळची बीदरची, आता हैदराबादेत कुकटपल्लीला असते. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला डोक्यावर रुपयाएवढी चाई पडली. जागा अगदी गुळगुळीत. खाज नाही, खपली नाही. शेजारणीने बघताक्षणी सांगितले, "पेनुकोरुकुडु!" बहिणीला तेलुगू बेताचेच येते, पण हा शब्द तिला फोडून सांगावा लागला नाही. जुन्या कानडीतल्या 'प'चा पुढे 'ह' झाला, तेलुगूत तो तसाच राहिला. तिकडचे 'पालु' ते आपले 'हालु', म्हणजे दूध. तसाच तिकडचा 'पेनु' तो आपला 'हेनु', म्हणजे ऊ. उवेने कुरतडलेले डोके!

मग काय, रोज फणी, रोज झाडाझडती. ऊ एकही निघाली नाही, पण रिक्षातल्या मुली तिच्याजवळ बसेनाशा झाल्या. कुणाच्या सांगण्यावरून चट्ट्यावर लसूण चोळला, तर कातडी पोळून निघाली.

वास्तविक चाईचा उवेशी काडीचाही संबंध नाही. डॉक्टर तिला 'अलोपेशिया एरियाटा' म्हणतात, आयुर्वेदात 'इंद्रलुप्त' हे नाव येते. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. एकाची चाई दुसऱ्याला लागत नाही. मुळे मरत नाहीत, म्हणून लहान चट्ट्यावर बहुधा काही महिन्यांत केस परत येतात, सुरुवातीला कधी कधी पांढरे. पसरत गेली तर स्टेरॉइडची औषधे देतात. फार पसरलेल्या चाईसाठी 'बॅरिसिटिनिब' या गोळीला अमेरिकेत 2022 साली प्रौढांपुरती मान्यता मिळाली.

तसा 'अलोपेशिया' हा शब्दही काही फार सोवळा नाही. तो ग्रीक भाषेतल्या कोल्ह्यावरून आला. खरजेने केस झडलेला कोल्हा. पण तो आपल्याला कळत नाही, म्हणून कुणाला लाज वाटत नाही, एवढेच.

मुलांच्या डोक्यावरचा प्रत्येक चट्टा चाईच असतो असे मात्र नाही. खपली धरली, केस मधूनच तुटलेले दिसले, खाज सुटली, तर ते गजकर्ण असू शकते. ते बुरशीमुळे होते आणि फणी-टॉवेलातून पसरते. त्यावर नुसते मलम पुरत नाही, काही आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. तेव्हा लसूण-कांदा बाजूला ठेवून आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.