उबेचे आवरण बदलताना

दिवाळी सरली की वाशीम जिल्ह्यात पहाटेचा गारठा जाणवू लागतो आणि घरोघरी कपाटातून रबराची गरम पाण्याची पिशवी बाहेर निघते. तिचे कापडी आवरण कुठे विरलेले असते, कुठे उसवलेले. ‘अजून चालते आहे’ असे म्हणून आपण ती तशीच आजीच्या पायांशी ठेवतो. धोका इथेच असतो.

वार्धक्यात त्वचा पातळ होते. मधुमेह जुना असेल तर पायांची संवेदना मंदावते. चटका बसतो, पण कळत नाही. साधारण ४४ अंश सेल्सिअसची उष्णताही तासन्‌तास एकाच जागी लागून राहिली तर त्वचा भाजते. सकाळी फोड दिसतो आणि मधुमेहींची अशी जखम लवकर भरत नाही.

नवे आवरण घरीच शिवता येते. जुन्या सुती लुगड्याचे मऊ कापड दुहेरी घ्यावे. पिशवीपेक्षा चोहोबाजूंनी दोन बोटे मोठे बेतून तीन बाजू शिवाव्यात आणि वरच्या तोंडाला नाडी ओवावी. कृत्रिम धाग्याचे कापड टाळावे. आवरण ओले झाल्यास लगेच बदलावे, कारण ओल्या कापडातून उष्णता लवकर पोहोचते.

त्याच वेळी पिशवीही पारखून घ्यावी. अनेक पिशव्यांवर फुलासारखी खूण असते. मधला आकडा उत्पादनाचे वर्ष आणि बारा पाकळ्या महिने दाखवतात. दोन वर्षांनी पिशवी बदलणे हिताचे. रबराला भेगा पडल्या असतील, ते कडक झाले असेल किंवा झाकणापाशी पाणी झिरपत असेल, तर मुदतीची वाट पाहू नये.

पिशवीत उकळते पाणी ओतू नये. ती दोन तृतीयांशच भरावी, हवा काढून झाकण घट्ट लावावे आणि उलटी धरून गळती तपासावी. अंथरूण आधी उबदार करून झोपण्यापूर्वी पिशवी काढून घ्यावी. पायांची संवेदना कमी असलेल्यांना मात्र शेक देऊच नये; त्यांच्यासाठी सैल लोकरी मोजे बरे.

चुकून भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. मधुमेहींनी लहानसा फोडही डॉक्टरांना त्वरित दाखवावा.

ज्येष्ठांना ऊब हवीच असते. ती सोसवेल इतकीच आहे ना, हे त्यांच्या ‘बरे वाटते’वर न सोडता आपण स्वतःच्या हाताने पाहावे.