फोटोला कात्री नको, आधी माप घ्या

कापडाच्या धंद्यात आमचे आयुष्य गेले. पन्हा मोजल्याशिवाय ताग्याला कात्री लावायची नाही, हा आमचा पहिला धडा. जुन्या फोटोंनाही तोच नियम लागू आहे, हे आम्हाला उशिरा उमगले.

लालबागच्या आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचे मरहूम वडील परळच्या गिरणीत विणाई खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. त्यानंतर त्यांना गिरणीत पुन्हा काम मिळाले नाही. कामाच्या दिवसांतला त्यांचा एकच फोटो घरात होता. खात्यातील मंडळींचा, साडेतीन बाय साडेपाच इंचांचा, म्हणजे पोस्टकार्ड साइजचा. वडील अगदी उजव्या टोकाला उभे. आम्ही हौसेने तो दादरच्या एका दुकानातून स्कॅन करून आठ बाय दहाच्या कागदावर काढून आणला. पाहतो तर वडीलच गायब! दोष आमचाच. आम्ही माप विचारलेच नव्हते.

हिशेब सोपा आहे. लांबीला रुंदीने भागा. पोस्टकार्ड फोटोचा आकडा १.५७ येतो, आठ बाय दहाचा १.२५. फोटोचा आकडा कागदापेक्षा मोठा असेल तर कागद पूर्ण भरताना फोटोची दोन्ही टोके कापली जातात. इथे प्रत्येक बाजूने सव्वा इंच गेला. आठ बाय बाराचा आकडा १.५. त्यावर तोच फोटो पूर्ण बसतो. वर-खाली इंचाच्या पाचव्या भागाहूनही कमी पांढरी पट्टी उरते.

आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे फोटो चौकोनी असत. असा फोटो चार बाय सहाचा कागद भरून काढला तर त्याचा एक तृतीयांश भाग जातो. चार बाय चारचा काढून दोन्ही बाजूंना एकेक इंच कोरा सोडला तर काहीच जात नाही.

म्हणून फोटोचे, झेरॉक्सचे व फ्रेमचे काम करणाऱ्या आमच्या बांधवांनी एवढे करावे. मूळ फोटो मोजून जवळच्या आकड्याचा कागद निवडावा. दुपटीहून मोठा करायचा असेल तर इंचाला निदान ६०० ठिपक्यांनी स्कॅन करावा. कॉम्प्युटरवर आधी कागदाच्या मापाचा कोरा चौकोन करून त्यात अख्खा फोटो बसवावा, मगच छापायला द्यावा. जागा भरण्यासाठी फोटो एका बाजूने ताणू नये. चेहरे बेढब होतात. कापण्यावाचून गत्यंतर नसेल तर गिऱ्हाइकाला आधी दाखवावे.

सुदैवाने मूळ फोटो शाबूत होता. आठ बाय बारावर पुन्हा काढला आणि वडील आपल्या जागी परत आले. गिऱ्हाइकाने हाती दिलेला जुना फोटो ही अमानत आहे. ती होती तशी, पूर्ण परत करणे हाच आपला धंदा.