पोरांचा भूगोल आणि आपली पंचगंगा

पोरांचा भूगोलाचा अभ्यास घ्यायची वेळ आली की आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, "मला नाही बाई त्यातलं कळत." तर हे पुस्तक आपल्या भाषेत आलं कुठून, ते आज बघूया.

शाळेसाठी पुस्तकं छापायला 1817 साली कलकत्त्यात एक मंडळी निघाली आणि थोड्याच वर्षांत बंगाली मुलांच्या हातात भूगोल आला. मुंबईत तशी मंडळी 1822 साली निघाली. पुढे तिच्या कामात बाळशास्त्री जांभेकर आले. 'दर्पण' काढणारे, तेच. मुलांसाठी भूगोलाचं पुस्तकही त्यांनी लिहिलं, हे फार जणींना ठाऊक नसतं. त्यांचं गाव पोंभुर्ले, आपला गगनबावड्याचा घाट उतरून खाली देवगड तालुक्यात.

काम सोपं नव्हतं. पृथ्वी शेषाच्या फण्यावर आहे, दुधाचे-तुपाचे समुद्र आहेत, असं घरोघरी ऐकलेलं. त्यात पुस्तक म्हणणार, पृथ्वी गोल आहे आणि ती फिरते. खरं तर पंचांगाचं गणित करणारे आपले ज्योतिषी पृथ्वी गोलच धरत आले होते, पण ते शाळेतल्या पोरांपर्यंत कुणी पोचवलं नव्हतं.

पुढं मात्र भूगोल म्हणजे पाठांतर झालं. बेट म्हणजे काय, द्वीपकल्प म्हणजे काय, घडाघडा म्हणायचं. म्हणून तिसरीला आधी आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकवायची रीत आली, ती मला जास्त पटते. कारण तो आपल्याला येतो.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा, हे कुणाला सांगायला लागत नाही. आता गगनबावड्याचा डोंगर डोळ्यांपुढं आणा. पश्चिम उतारावरचं पाणी कोकणातून अरबी समुद्राला जातं. पूर्वेकडचं कुंभीतून पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत, आणि कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून थेट बंगालच्या उपसागराला. एकाच डोंगरावरचा पाऊस, समुद्र दोन. यालाच पुस्तकात जलविभाजक म्हणतात.

शिरोळकडच्या मैत्रिणींनी तर 2019 चा पूर भोगलाय. दारात ऊन असलं तरी राधानगरी, गगनबावड्यात धो धो पाऊस असेल तर पाणी मागनं येतंच. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पावसाळ्यात बातम्यांत हे आकडे सांगतात, तेव्हा पोराला जवळ बसवा. आपल्या गावचा ओढा कुठल्या नदीला मिळतो, ती नदी पुढं कुठं जाते, पाटीवर काढून दाखवा. बंधारा कुठं, आपलं घर कुठं, तेही त्यातच दाखवा. द्वीपकल्प मग उद्या घ्या.