नवे टायर टाकले आणि गाडी डोलायला लागली, असं का?

या वेळी बचतीच्या हिशोबाऐवजी टायरबद्दल लिहितेय. कारणही तसंच आहे.

ओतूरकडच्या आपल्या एका ग्रामसंघाची पिकअप आहे. गटातल्या बायकांचा टोमॅटो, कोथिंबीर, मेथी नारायणगावला आणि माळशेज घाट उतरून कल्याणच्या मार्केटला ती नेते. पावसाळ्याच्या तोंडावर तिचे चारही टायर बदलले. जुने पार गोटा झाले होते, त्यामुळे ठराव लगेच पास झाला. पण चौथ्या दिवशी गाडी चालवणारे दादा म्हणाले, "ताई, गाडी पहिल्यासारखी नाही राहिली. वळणावर मागनं डोलते, स्टिअरिंग ढिलं लागतंय. टायर डुप्लिकेट दिसतात." मग गावात बोलणं सुरू झालं. टायर कुणी ठरवले? सचिव ताईंनी. कुणाच्या ओळखीचं दुकान? सचिव ताईंच्या. पुढे काय बोललं गेलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. मासिक बैठकीला ताई आल्याच नाहीत.

मला टायरमधलं काही कळत नव्हतं. म्हणून दोन-तीन मेकॅनिकना विचारलं, गाडीचं पुस्तक वाचलं आणि पुढच्या बैठकीला सगळ्यांना गाडीपाशीच बसवलं.

दादा खोटं बोलत नव्हते. गाडी खरंच डोलत होती. पण टायरही खोटे नव्हते.

आपला खराटा आठवा. नवा असतो तेव्हा काड्या लांब असतात, जोर लावला की आडव्या वाकतात. वर्षभर झिजून खुंट झालेला खराटा मात्र ताठ. टायरचंही तसंच. नव्या टायरवरच्या नक्षीचे रबरी ठोकळे पिकअपला साधारण ८ ते १० मिलिमीटर उंच असतात. गाडी वळते तेव्हा हे उंच ठोकळे आधी थोडे वाकतात, मग चाक दिशा धरतं. या क्षणभराच्या उशिराला दादा "ढिलं स्टिअरिंग" म्हणत होते. जुन्या टायरवर ठोकळे उरलेच नव्हते, मग वाकणार काय? वर पाठीमागे कॅरेटची थप्पी. वजन जास्त आणि उंचावर, म्हणजे तो झोल आणखी जाणवतो. शिवाय नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याच्यावर थोडा गुळगुळीतपणा राहतो. रस्त्यावर घासून तो जातो. म्हणून साधारण पहिले ३०० किमी गाडी बेतानं चालवायची. जोरात ब्रेक नको, वळणावर घाई नको, जमलं तर त्या दिवसांत घाट आणि पूर्ण भरलेला माल टाळायचा. तेवढ्यात टायरही बसतो आणि चालवणाऱ्याच्या हातालाही सवय होते.

इथे एका काकूंनी चांगला प्रश्न विचारला. "मग जुनेच बरे होते की!" कोरड्या रस्त्यावर तसं वाटतं खरं. गोटा टायर उन्हाळ्यात एकदम कडक चालतो, आणि फसगत तिथेच होते. नक्षीतल्या खाचांचं काम पावसात असतं. चाकाखालचं पाणी त्या खाचांतून बाजूला निघून जातं. खाचा नसल्या की वेगात चाक पाण्यावर चढतं, रस्त्याला टेकतच नाही. मग ब्रेक दाबा की स्टिअरिंग फिरवा, गाडी ऐकत नाही. माळशेजला जुलैत पाऊस आणि धुकं कसं असतं ते आपण जाणतो. कायद्यानेही पिकअपच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. खाचांच्या तळाशी मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर संपला.

पण डोलण्याचं सगळं कारण नवेपणा नव्हता. गेज लावून हवा बघितली तर चारही चाकांत सारखीच, कारला भरावी तेवढी. ड्रायव्हरच्या दाराजवळ पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर पुढची हवा वेगळी आणि माल भरल्यावर मागची बरीच जास्त लिहिलेली होती. कमी हवेवर वजन पडलं की टायरची बाजू फुगते, गाडी झुलते, टायर तापतो. घाटात तापलेला टायर फुटूही शकतो. दुकानदाराने फसवलं नव्हतं, पण हलगर्जी नक्की केली होती. आणि आपणही विचारलं नव्हतं. हवा बघायची ती सकाळी, गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना. चालून गरम झालेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो. तो बघून हवा सोडायची नाही.

मग सगळ्यांनी मिळून टायर वाचले. बिलावरचा साइज आणि टायरवरचा साइज एकच निघाला. मालवाहू टायरवर इंग्रजीत एल टी ही अक्षरं असतात, तीही होती. एका लंबगोलात चार आकडे असतात. समजा २३२४ असेल, तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आमचे टायर ताजे होते. हे आकडे वाचले ते नववीतल्या एका मुलीने, मोबाईलच्या टॉर्चवर. सचिव ताई त्या दिवशी आल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, बिलाची फाइल तेवढी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

सगळंच डोलणं "नवा आहे, बसेल" म्हणून सोडायचं मात्र नाही. गाडी सारखी एकाच बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट करून घ्या. ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग राहिलंय. चाकांचे नट पहिल्या ५०-१०० किमीनंतर पुन्हा आवळून घ्यायचे, हे फार जण विसरतात.

बऱ्याच गटांकडे एका वेळी दोनच टायरचे पैसे असतात. तेव्हा नवे टायर पुढे टाकावेत असं सगळ्यांना वाटतं, पण ते मागे टाकायचे. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर वेग कमी केल्यावर गाडी बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन अशी जोडीही लावू नका. रिमोल्ड स्वस्त पडतो हे मान्य, पण पुढच्या चाकांना तरी तो नकोच.

त्या पिकअपची हवा दुरुस्त केली, आठवडाभर ती नारायणगावपर्यंतच फिरवली. आता ती कल्याणला जाते. दादा म्हणतात, झोल गेला. गाडीच्या वहीत डिझेलशेजारी हवेचा एक नवा रकाना पाडलाय. दर सोमवारी सकाळी दोघीजणी गेज घेऊन जातात, आकडा लिहितात आणि खाली सही करतात. पहिली सही सचिव ताईंची आहे.