चिऊचें घर आणि सुगरणीचें घरटें

चिऊकाऊची गोष्ट ऐकली नाहीं असें मूल आमच्या दारव्हा तालुक्यांत तरी सांपडावयाचें नाहीं. पावसांत कावळ्याचें शेणाचें घर वाहून जातें, चिमणीचें मेणाचें मात्र टिकतें, एवढीच ती गोष्ट. पण एखादें चौकस मूल मध्येंच विचारतें, "चिमणीला मेण कोठून मिळालें?" बहुतेक घरीं यास "गुपचूप ऐक" असें उत्तर मिळतें. आमच्या मतें गोष्टीचा खरा लाभ याच ठिकाणीं असतो, आणि तो येथेंच हरवतो. मुलास उचलून आढ्याजवळचें घरटें दाखवावें. चिमणीचें घर गवताच्या काड्यांचें व पिसांचें, तर कावळ्याचें काटक्यांचें, कधीं तारेच्या तुकड्यांचेंही असतें. तें पाण्यानें विरघळत नाहीं. शिवाय कोकिळा त्यांतच आपलीं अंडीं घालून जाते, ही तर मूळ गोष्टीहूनही सुरस गोष्ट!

मुलांकरितां स्वतंत्र मासिकें काढण्याची कल्पना मराठींत जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशननें 1872 सालीं 'बालबोधमेवा' काढलें. पुढें 1881 सालीं विनायक कोंडदेव ओक यांनीं 'बालबोध' सुरू केलें व 1914 सालीं मृत्यु येईपर्यंत चालविलें. चरित्र, कविता व निबंध यांच्या जोडीला ते शास्त्रीय विषयावरही लिहीत, आणि असे सुमारें चारशें शास्त्रीय लेख त्यांच्या एकट्याच्या हातून झाले.

गोष्ट सौम्य असावी, पण ती खोटी असूं नये. सुगरणीचेंच पाहा. नांव स्त्रीलिंगी, म्हणून गोष्टींत सुगरण आई पिलांसाठीं घर विणते. प्रत्यक्षांत विणकाम नर करतो. पावसाळ्यांत त्याच्या डोक्यावर व छातीवर पिवळा रंग चढतो. गवताच्या व शिंदीच्या पानांच्या लांब पट्ट्या चोंचीनें फाडून तो आणतो, आणि विहिरीवर ओणवलेल्या बाभळीच्या फांदीस अर्धें घरटें लोंबत ठेवतो. मग माद्या येऊन तें पारखतात. एखादीस पसंत पडलें तर तो तें पुरें करतो, खालीं लांब नळीसारखें दार विणतो, आणि लागलीच दुसरें घरटें आरंभितो! कोणासच न आवडलेलें घरटें टोपाच्या आकाराचें, अर्धवट तसेंच राहतें. सलीम अली यांनीं 1930 सालीं समुद्रकांठच्या किहीम गांवीं राहून हा अनेक कुटुंबांचा संसार बारकाईनें न्याहाळला.

आईबापांनीं ही गोष्ट अशीच सांगावी आणि मुलांनीं विहिरीवर जाऊन तिचें खरेंखोटें करावें. (कठड्यापासून दूर उभें राहून, हें सांगणें नकोच.) गोष्टींत एक ऐकलें आणि डोळ्यांस दुसरेंच दिसलें, तर मुलाचा विश्वास एकतर गोष्टीवरचा उडतो, नाहींतर डोळ्यांवरचा; आणि दुसरी हानि अधिक मोठी.

ज्यांच्या शेतांत विहीर नाहीं त्यांच्याकडे कपाशी आहे. सकाळीं उमललेल्या एका फिकट फुलास दोरा बांधावा व दुसरे दिवशीं पाहावें. तें गुलाबी झालेलें दिसेल. कारण घरच्यांनीं लगेच सांगूं नये. उन्हानें रंगलें, भुंग्यानें रंगविलें, कीं वयानें, हा तर्क आधीं मुलांनीं करावा. मग आदल्या सायंकाळीं दुसऱ्या एका फुगलेल्या कळीवर पातळ कापडाची पिशवी बांधून ठेवावी, म्हणजे निदान भुंग्याचा तर्क तरी तपासतां येईल.