तव्यावरचं ऑम्लेट

ऑम्लेट उलटायची एक नेमकी वेळ असते. कडा सुटू लागलेल्या असतात, मधला भाग अजून थरथरत असतो. घाई केली तर फाटतं, रेंगाळलं तर खाली लागतं. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या एका मठाच्या मुदपाकखान्यात एक लंगडा माणूस ही वेळ साधून ऑम्लेट उलटायचा आणि सांगायचा, हे मी देवावरच्या प्रेमापोटी करतो.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. देवाच्या प्रेमापायी लोकांनी घरदार सोडलं, जीव दिले. आणि हा म्हणे ऑम्लेट उलटतो!

निकोला एर्मां हे त्याचं मूळ नाव, गाव लॉरेन प्रांतातलं. अठराव्या वर्षी ऐन हिवाळ्यात त्याला एक बोडकं झाड दिसलं. थोड्या दिवसांनी याला पालवी फुटेल, मग फुलं, मग फळं, एवढंच मनात आलं, आणि देव त्याला जो भेटला तो कायमचा. पुढे तो सैनिक झाला, तीस वर्षांच्या युद्धात जखमी झाला, मग कुणाकडे तरी नोकर म्हणून राहिला. तिथे म्हणे हाताला लागेल ते फोडायचा. हे त्याचं स्वतःचंच म्हणणं. १६४० मध्ये तो कार्मेलाईट मठात दाखल झाला. धर्मगुरू नव्हे, साधा सेवेकरी बंधू. नाव मिळालं लॉरेन्स, आणि काम मिळालं स्वयंपाकाचं, ज्याचा त्याला मनापासून कंटाळा होता. ते त्याने पंधराएक वर्षं केलं.

ख्रिस्ती माणसाला येशूने सांगितलेली सर्वांत मोठी आज्ञा देवावर प्रेम करण्याची आहे. ती येशूची नवी नव्हे; मोशेच्या अनुवाद या ग्रंथातून त्याने उचललेली. तिथे अंतःकरण आणि जीव यांच्यानंतर एक हिब्रू शब्द येतो, ‘मओद’. मराठी बायबलात तिथे ‘शक्ती’ वाचायला मिळतं. पण मूळ हिब्रूत हा शब्द एरवी येतो तो ‘फार’, ‘खूप’ अशा अर्थाने. म्हणजे देवावर प्रेम करायचं ते आपल्या सगळ्या ‘खूप’ने! जुन्या यहुदी गुरूंनी याचा अर्थ लावला धनसंपत्ती: जे काही तुझ्या पदरात आहे, तेवढ्याने. लॉरेन्सच्या पदरात काय होतं? एक तवा आणि दुखरा पाय.

त्याची रीत अगदी साधी. कामाला हात घालताना देवाशी दोन शब्द बोलायचे, काम करता करता बोलत राहायचं, चुकलं तर कबूल करून पुढे जायचं. चुकल्याचं दुःख कुरवाळत बसायचं नाही. प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांच्या खडखडाटाची वेळ त्याला वेगळी वाटेनाशी झाली. पण हे लगेच जमलं नाही. पहिली दहा वर्षं फार ओढाताणीची गेली, असं त्याने पत्रात लिहून ठेवलं आहे. मला तर त्या ऑम्लेटइतकीच ही दहा वर्षंही मोलाची वाटतात. आतून काही उमलत नसतानाही तवा रोज चुलीवर चढत होता, आणि तेही त्याच्या हिशेबात प्रेमच होतं.

मराठी वाचकाला इथे जनाबाई आठवणारच. फरक मात्र गमतीचा आहे. जनीचा विठ्ठल जात्याचा खुंटा धरतो, तिच्याबरोबर दळतो. लॉरेन्सचा देव कालथ्याला हात लावत नाही. तो नुसता तिथे असतो. लॉरेन्सच्याच कार्मेलाईट पंथाची सुधारणा करणाऱ्या आविलाच्या तेरेसानेही आपल्या भगिनींना बजावलं होतं, की देव भांड्याकुंड्यांतही वावरतो.

१६६६ च्या ऑगस्टमध्ये जोसेफ द बोफोर नावाचे धर्मगुरू त्याला भेटायला आले. मनापासून देवाची सेवा करायची असेल तर हवं तितक्या वेळा या, नाहीतर पुन्हा येऊ नका, असं या सेवेकऱ्याने त्यांना स्पष्ट सांगितलं. बोफोर येत राहिले. १६९१ मध्ये लॉरेन्स वारल्यावर त्याची पत्रं आणि संभाषणं त्यांनीच छापली.

त्या पंधराएक वर्षांनंतर पायामुळे लॉरेन्सचा मुदपाकखाना सुटला. मग त्याला मठातल्या बंधूंच्या चपला सांधायला बसवलं. त्यांच्या पंथाचं नाव होतं ‘अनवाणी कार्मेलाईट’.