रुग्णवाहिका नक्की कशावर चालते?

टांझानियातल्या एखाद्या खेड्यात रात्री बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला, की घरचं कुणी किंवा दवाखान्यातली नर्स 115 हा नंबर लावते. या फोनला पैसे पडत नाहीत. पलीकडे बसलेली बाई आरोग्य खात्यात मुरलेली असते. ती मोजके प्रश्न विचारते, प्रकरण किती गंभीर आहे आणि बाळंतिणीला कुठल्या रुग्णालयात न्यायचं ते ठरवते. मग समोरच्या पडद्यावर सरकारी रुग्णवाहिका जवळपास मोकळी आहे का ते बघते. असली तर उत्तमच. नसली तर फोन जातो त्याच भागातल्या एखाद्या साध्या टॅक्सीवाल्याला. त्याचं नाव आधीच नोंदवलेलं असतं, गाडी तपासलेली असते, कुठून कुठे किती भाडं तेही ठरलेलं असतं. तो उठतो, गाडी काढतो, बाईला रुग्णालयात पोचवतो. ती पोचल्याची खात्री झाली, की त्याच्या मोबाइलमधल्या एम-पेसा खात्यात भाडं जमा होतं. बाईच्या घरच्यांना एक शिलिंगही द्यावा लागत नाही.

या व्यवस्थेचं नाव एम-मामा. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या सेंगेरेमा जिल्ह्यात 2013 च्या सुमारास तिची सुरुवात झाली, पुढे ती शिन्यांगा प्रांतात गेली, आणि 2022 मध्ये राष्ट्राध्यक्षा सामिया सुलुहू हसन यांनी ती देशभर नेण्याची घोषणा केली. सुरुवातीच्या भागांत मातामृत्यू 27 टक्क्यांनी घटले, असं ती चालवणारे सांगतात. त्यात इतर सुधारणांचाही वाटा असणारच. पण मला त्या आकड्यापेक्षा टॅक्सीवाल्याचंच जास्त नवल वाटतं. टॅक्सी त्या गावात आधीही होती. चालक आधीही तिथेच झोपलेला होता. रस्ताही तोच, खड्डेही तेच. मग पूर्वी तो का येत नव्हता?

कारण मध्यरात्री कुणाच्या घरात भाड्याइतकी रोकड नसते. नेऊन सोडलं आणि पैसे बुडाले, तर परतीचं पेट्रोल कुठून आणायचं, असा साधा हिशेब तो करायचा. त्याला निर्दय म्हणण्यात अर्थ नाही. आता पैसे येणार याची खात्री आहे, म्हणून तो येतो. एक विश्वास तयार झाला आणि उभी गाडी रुग्णवाहिका झाली.

बाळंतपणातला रक्तस्राव थांबला नाही, तर दोनेक तासांतसुद्धा जीव जाऊ शकतो. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी 1994 मध्ये अशा मृत्यूंमागचे तीन उशीर मांडले होते: मदत घ्यायची हे ठरवण्यातला, रुग्णालय गाठण्यातला, आणि तिथे गेल्यावर उपचार मिळण्यातला. मधल्या उशिराचं नाव काढलं, की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच उपाय येतो: गाडी द्या. परदेशी संस्था गाडी देते, नाहीतर मंत्री देतात. फीत कापली जाते, किल्ली हातात ठेवतानाचा फोटो निघतो. त्यानंतर मात्र रोजचं डिझेल लागतं, टायर झिजतात, रात्रपाळीच्या चालकाला पगार लागतो. या खर्चाची फीत कापायला कुणी येत नाही.

ही गोष्ट फार लवकर ओळखली ती, गंमत म्हणजे, मोटारसायकलच्या शर्यतीतल्या माणसांनी. अमेरिकन ग्रां प्री शर्यतपटू रँडी मामोला आणि ब्रिटनचे अँड्रिया व बॅरी कोलमन 1980 च्या दशकात एका मदतकार्याच्या निमित्ताने सोमालियाशी जोडले गेले. तिथे त्यांना आरोग्यसेवेसाठी आलेल्या गाड्या धूळ खात पडलेल्या दिसल्या. मोडण्याइतक्या त्या जुन्या नव्हत्याच. कुठे एखादा किरकोळ सुटा भाग मिळाला नव्हता, कुठे तेल कुणी बदललं नव्हतं. ज्यांचं पोट इंजिनाच्या आवाजावर चालतं, त्यांना हे दृश्य बघवलं नसणार. त्यातून पुढे ‘रायडर्स फॉर हेल्थ’ ही संस्था उभी राहिली.

त्यांची युक्ती ऐकायला रुक्ष आहे, पण मला ती फार सुंदर वाटते. एका किलोमीटरची खरी किंमत काढायची. इंधन, तेल, टायर, साखळी, कारागिराची मजुरी, विमा हे सगळं त्यात धरायचं. शिवाय ही गाडी संपल्यावर जी नवी घ्यावी लागेल, तिच्या किमतीचा तुकडाही त्याच किलोमीटरला जोडायचा. म्हणजे आजची प्रत्येक फेरी उद्याच्या गाडीचे थोडे थोडे पैसे बाजूला टाकत जाते. गांबियात 2009 पासून त्यांनी हेच केलं. गाड्या संस्थेच्या, सांभाळही तिचाच, आणि आरोग्य मंत्रालय किलोमीटरमागे ठरलेला दर देणार. सुटे भाग मोडायची वाट न बघता ठरलेल्या वेळी बदलायचे. शर्यतीत भरधाव असताना साखळी तुटली तर काय होतं, हे मामोलाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता मलावीकडे येऊ. तिथल्या मांगोची जिल्ह्यात दूरच्या तीन आरोग्यकेंद्रांना मोटारसायकल रुग्णवाहिका देऊन पाहिल्या. दुचाकीच्या बाजूला एक चाकवाली खाट जोडलेली, तिच्यावर बाई आडवी. वर्षभराचा जमाखर्च मांडल्यावर निघालेले आणि 2008 मध्ये छापून आलेले आकडे असे: मोटार रुग्णवाहिकेच्या तुलनेत खरेदी 19 पट स्वस्त, आणि वर्षाचा चालवण्याचा खर्च सुमारे 24 पट कमी, जेमतेम 508 डॉलर. रुग्ण पोचवण्यातला उशीर दोन ते साडेचार तासांनी घटला. एका मोटारीच्या वर्षभराच्या खर्चात अशा चोवीस दुचाक्या पळतात! पावसाळ्यातल्या चिखलात दुचाकीचेही हाल होतातच, आणि वाटेत सलाइन लावून बाईशेजारी बसायला त्यात कुणाला जागा नसते. तरीही तालुक्याला उभ्या असलेल्या एका चकचकीत गाडीपेक्षा दाराशी पोचणारी ही खाट मला जास्त खरी रुग्णवाहिका वाटते.

पैसे कुणी द्यायचे, या प्रश्नाला मुंबईने एक झकास उत्तर शोधलं होतं. 2005 मध्ये झिकित्झा या कंपनीने 1298 या नंबरची सेवा सुरू केली. गरिबाकडून कमी आणि श्रीमंताकडून पूर्ण भाडं घ्यायचं ठरलं. पण कळ येऊन पडलेल्या माणसाकडे उत्पन्नाचा दाखला कसा मागणार? त्यांनी फक्त एवढंच विचारलं: कुठल्या रुग्णालयात जायचंय? बड्या खासगी रुग्णालयात जाणारा पूर्ण भाडं देईल, केईएम-सायनसारख्या सार्वजनिक रुग्णालयात जाणारा बराच कमी, आणि अपघातातल्या जखमींना फुकट. ना कागद, ना चौकशी, ना कुणाचा अपमान. जायचं ठिकाणच उत्पन्नाचा दाखला. ही कल्पना पहिल्यांदा कळली तेव्हा टाळी द्यावीशी वाटली.

ती खेड्यात मात्र चालत नाही, कारण तिथे पूर्ण भाडं देणारे प्रवासीच नसतात. शिन्यांगाच्या कापूस पिकवणाऱ्या गावांत कुणाच्या भाड्यातून कुणाची फेरी भागवणार? झिकित्झाचा कारभारसुद्धा पुढे मोठ्या प्रमाणावर राज्य सरकारांच्या कंत्राटांकडे वळला. 2014 मध्ये महाराष्ट्रात आलेली आपली 108 सेवाही सरकारी तिजोरीवरच धावते. यात कमीपणा कसला? अग्निशमन दलाला कुणी नफ्याचा हिशेब विचारत नाही. फक्त तो पैसा दरवर्षीच्या अंदाजपत्रकात, स्वतःच्या ओळीत बसलेला हवा. देणगीवर धावणाऱ्या गाड्यांचं भवितव्य दात्याच्या मर्जीवर असतं. 2025 मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली परदेशी मदतसंस्था बंद केली, तेव्हा अनेक देशांतल्या आरोग्यसेवांनी हे फार कठोरपणे अनुभवलं.

आणि गाडीच नसेल तर? उत्तर इराक आणि कंबोडियात, भूसुरुंगांनी भरलेल्या मुलखात, 1997 ते 2001 दरम्यान हान्स हुसुम या नॉर्वेजियन डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी स्थानिक माणसांनाच शिकवलं. 135 जण वैद्यकीय मदतनीस झाले. पाच हजारांहून अधिक गावकरी रक्त कसं थांबवायचं आणि श्वासाची वाट कशी मोकळी ठेवायची, एवढं शिकले. जखमींना रुग्णालयापर्यंत न्यायला सरासरी साडेपाच तासांहून जास्त वेळ लागत होता. तरीही मृत्यूचं प्रमाण 40 टक्क्यांवरून 14.9 टक्क्यांवर आलं. वाटेतल्या त्या तासांत आता कुणीतरी जखमेवर हात दाबून धरलेला असे. अर्थात शिकलेलं विसरतं, माणसं गाव सोडून जातात, नवी तयार करावी लागतात. किलोमीटरचा दर काढताना टायरच्या शेजारी या उजळणीचेही पैसे मांडायला हवेत.